सरावाच्या सिस्टीमवरचा चहा

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणत, अगदी गेटवरच्या वॉचमनपासून मोठ्या साहेबांपर्यंत. ती खरेदी विभागात होती. तिचा नवरा तिच्या आधीपासून त्याच इमारतीत नियोजनाचं काम बघायचा, त्याच्या नात्याने ती सगळ्यांची वहिनी झाली, आणि पुढे पुढे तर पुरवठादारही फोनवर "वहिनी, माल निघाला बरं का" असं सांगू लागले. नवऱ्याचं नाव मात्र कुणी घेत नसे. त्याला तारीखमास्तर म्हणत. अमुक पंप कधी निघणार असं विचारलं की तो छताकडे बघत ओठ हलवायचा, एक तारीख सांगायचा, आणि बहुतेक वेळा त्याच तारखेला पंप गाडीत चढायचा.

एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून ब्रश पडला आणि तो उचलायला हात गेलाच नाही. अर्धांगवायूचा झटका होता. हॉस्पिटलातून तो काठी टेकत घरी आला. पाय हळूहळू सावरला, उजवा हातही अर्धामुर्धा कामाला लागला, पण बोलणं मागेच राहिलं. डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, फक्त शब्द हाताला लागत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. कंगवा मागायचा तर तो 'चमचा' म्हणायचा, आणि आपण चुकलो हे त्याला तिथल्या तिथे कळायचं. तेच वाईट होतं. कळलं नसतं तर निदान त्रास तरी झाला नसता, असं वहिनीला कधीकधी वाटे, आणि मग आपल्याला असं वाटलं याची तिला लाज वाटे.

बोलणं शिकवायला एक डॉक्टरीणबाई घरी येत. त्या वहिनीला पुन्हा पुन्हा बजावून गेल्या होत्या, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका." वहिनी मान हलवायची, आणि बाई जिना उतरल्या न उतरल्या तोच त्याचं वाक्य पुरं करायची. तो तोंड उघडायचा आणि ही म्हणायची, "पाणी हवंय? चष्मा? खिडकी लावू?" तीनातलं एक लागू पडायचंच. तो मान डोलवायचा आणि गप्प व्हायचा. दिवसेंदिवस तो जास्तच गप्प होत चालला होता.

अशात कारखान्यात ईआरपी यायचं ठरलं. ईआरपी म्हणजे सगळ्या कारखान्याचं मिळून एकच सॉफ्टवेअर. ऑर्डर आली की कुठला भाग किती लागणार, स्टोअरमध्ये किती आहे, बाहेरून किती मागवायचा, मशीनवर काम कधी चढवायचं, हे सगळं त्यातच दिसायचं. साहेबांनी वहिनीला केबिनमध्ये बोलावलं.

"नियोजनाची खुर्ची मी अजून रिकामी ठेवलीय," ते टेबलावरची टाचणी बोटाने इकडून तिकडे करत म्हणाले. "पण सिस्टीम सुरू झाली की तिथे माणूस लागणारच. तोवर थांबतो. त्यापुढे माझाही इलाज नाही, वहिनी."

"तुम्ही थांबलात हेच खूप झालं, साहेब," ती म्हणाली, आणि जागेवर येऊन बराच वेळ एकाच कागदाकडे बघत बसली.

प्रशिक्षण कॅन्टीनशेजारच्या हॉलमध्ये होतं. भिंतीकडेने कॉम्प्युटर मांडले होते आणि मधल्या टेबलावर एक खराखुरा पंप सुटा करून ठेवला होता: बॉडी, पंखा, शाफ्ट, बेअरिंग, सील. शिकवायला आलेल्या मॅडम सडपातळ होत्या, वयाने वहिनीच्या लेकीसारख्या, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. पहिल्याच तासाला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. "एक, मी कुणाच्याही माउसला हात लावणार नाही. माझा हात शिकलेला आहे, तुमचा शिकायचाय. दुसरं, ही सरावाची सिस्टीम आहे. इथे काय वाटेल ते मोडा, खरा कारखाना बंद पडणार नाही. घरूनही लॉगिन करता येईल. आपला पासवर्ड तेवढा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही."

"नोकरी जाणार नाही ना?" स्टोअरकीपरने विचारलं. हा माणूस गोल, हसरा, आणि कॉम्प्युटरला वचकून असणारा होता.

"इथल्या चुकीने नाही," मॅडम म्हणाल्या. तरी दुपारपर्यंत स्टोअरकीपरने एका पंपासाठी ट्रकभर बोल्ट मागवून ठेवले होते, आणि ते रद्द करताना त्याला घाम फुटला होता.

वहिनी मात्र कान टवकारून बसली होती. तिच्या मनाने एक घेतलं होतं. हे आपण नीट शिकायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन जसंच्या तसं त्याला शिकवायचं. सिस्टीम सुरू होईल तेव्हा त्याला सगळं आलेलं असेल. बोलणं नसेना का, स्क्रीनला कुठे बोलायला लागतं.

पहिल्या संध्याकाळी तिने लॅपटॉप त्याच्यापुढे उघडला. "हा बघा पंप. हे त्याचे भाग. याला बीओएम म्हणतात, म्हणजे एक वस्तू करायला काय काय लागतं त्याचा हिशोब. हे तुम्हाला तोंडपाठच आहे म्हणा." त्याने एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि मान खिडकीकडे वळवली. पंपाचं चित्रही त्याला नकोसं झालं होतं. तिने लॅपटॉप मिटला. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने तो पुन्हा उघडला, स्वयंपाकघराच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि त्यालाही तिथे आणून बसवलं.

"बरं, पंप राहू द्या," ती म्हणाली. "आपण चहा करू. चहा हा आपला तयार माल. पाणी, दूध, साखर, चहापत्ती. आई, तुम्ही स्टोअर."

सासूबाई पलीकडे डाळ निवडत होत्या. "मी कशाला स्टोअर?"

"साखरेचा डबा तुमच्या ताब्यात असतो म्हणून."

"मग चिठ्ठीशिवाय चमचाभरसुद्धा मिळणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"चिठ्ठी सिस्टीमच काढते, आई."

"मला नाही दिसत तुझी सिस्टीम. तोंडाने माग, म्हणजे देते."

तिने तीन कपांची ऑर्डर टाकली. स्टोअरने कुरकुरत साखर दिली, पत्ती दिली. दुधाचं पातेलं उघडलं तर ते रिकामं. स्क्रीनवर दूध भरपूर होतं आणि पातेल्यात थेंब नव्हता. वहिनी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली, आणि टेबलाकडून नाकातून हसल्याचा आवाज आला. त्याने डाव्या हाताने लॅपटॉप स्वतःकडे ओढला होता.

"काय हवंय? माउस? दुधाचा आकडा बदलायचाय का? थांबा, मी करते, कुठे असतं ते..."

त्याने तळहात वर केला. ती थांबली. डाव्या हाताच्या एका बोटाने, शोधून शोधून, त्याने दुधाचा साठा शून्य केला. मग शेजारच्या रकान्यात एक दिवस टाकला. तो रकाना लीड टाइमचा होता, म्हणजे वस्तू मागितल्यापासून हातात पडेपर्यंतचा वेळ. वहिनीने तिथे काहीच भरलं नव्हतं.

सासूबाईंनी वाकून बघितलं. "बरोबर आहे त्याचं. दूधवाला सकाळीच येतो."

त्या दिवशी तिघांनी बिनदुधाचा चहा घेतला. त्याने अर्धा कप अजून मागितला, बोटाने कपाकडे दाखवून.

पुढे हे रोजचंच झालं. ती दिवसभर शिकून यायची आणि संध्याकाळी टेबलावर ते सगळं ओतायची. सकाळी निघताना लॅपटॉप त्याच्याजवळ ठेवून जायची, आणि पासवर्डही. मॅडमनी काय सांगितलं होतं ते तिला आठवत होतं, पण तिने त्याकडे कानाडोळा केला.

मग एका संध्याकाळी हॉल रिकामा होत असताना मॅडम म्हणाल्या, "वहिनी, जरा थांबता?"

स्क्रीनवर तयार मालाची यादी होती. पंप, पंप, पंप, आणि सगळ्यात खाली चहा.

"आज सकाळी तुम्ही माझ्यासमोर या खुर्चीत बसला होतात," मॅडम म्हणाल्या, "आणि त्याच वेळी तुमच्या लॉगिनवरून चहाच्या ऑर्डरी निघत होत्या. आधी मला वाटलं घरात कुणी मूल खेळतंय. मग लीड टाइम बघितले. मुलं लीड टाइम भरत नाहीत. एक ऑर्डर तर रद्द केलीय, आणि रद्द करण्याचं कारणही लिहिलंय."

"कारण लिहिलंय? काय?"

मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. कारणाच्या चौकटीत दोनच शब्द होते. 'आई झोपली.'

वहिनी खुर्चीत बसली. आजारपणानंतर तिने त्याचे लिहिलेले शब्द पाहिले नव्हते. डॉक्टरीणबाई पाटी पुढे करायच्या तेव्हा तो तिच्यावर रेघ ओढायचा आणि पाटी परत द्यायचा. आणि आज घरात दुसरं कुणी जागं नसताना, आई झोपली म्हणून स्टोअर बंद, स्टोअर बंद म्हणून चहा रद्द, असा सगळा विचार करून त्याने तो दोन शब्दांत लिहून ठेवला होता. एका बोटाने. किती वेळ लागला असेल. 'झो' त्याला कसा सापडला असेल.

तिने मॅडमना सगळं सांगितलं. "माझं चुकलं, मॅडम. पासवर्ड द्यायचा नव्हता."

"नव्हताच द्यायचा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी दुमडलेली बाही उगीचच उलगडली आणि परत दुमडली. "त्यांना वेगळं लॉगिन करून देते. पण ते इथे येऊन घ्यायला लागेल. घरपोच देत नाही मी."

घरी येईपर्यंत वहिनीच्या पायांना पंख फुटले होते. चप्पल काढता काढताच तिने सांगून टाकलं. तो ऐकत होता. शेवटी तिने "मग उद्या जायचं" म्हटलं, तेव्हा त्याने नाही म्हणून मान हलवली.

"का नाही? लोक बघतील म्हणून? सगळे आपलेच तर आहेत. दमाल म्हणून? अर्धाच दिवस बसा. जिन्याची भीती वाटते का? हॉल खालीच आहे. की बोलायला लावतील म्हणून? मी असेन ना शेजारी, मी सांगेन काय ते..."

त्याने टेबलावर मूठ आपटली. पेला हलला.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, त्याला बोलू दे की."

वहिनी त्याच्यासमोर बसली. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, जणू तेच बोलणार होते. तो तोंड उघडून थांबला. बाहेर जिन्यावरून कुणीतरी वर गेलं, वरच्या मजल्यावर दार उघडलं, लागलं. त्याच्या कपाळावर घाम आला. तो काय म्हणणार हे तिला कळल्यासारखं वाटत होतं, एकदा नाही तर तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी निराळंच काहीतरी. ती गप्प राहिली.

"तू," तो म्हणाला. मग खूप वेळाने, "माझं... बोलून... टाकतेस."

तिने मांडीवरचे हात सोडले नाहीत.

"मग... मला... काय... उरतं."

हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती पायाच्या बोटांकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही शब्द शोधत असता आणि तो माझ्या जिभेवर असतो. मला ते बघवत नाही हो."

त्याने विचार केला. या वेळी शब्द जरा लवकर आले. "मग... बघू नकोस."

तिला हसू फुटलं. त्यालाही. सासूबाई बाहेर येऊन दोघांकडे बघून परत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्याची बटणं लावायला त्याने तिला हात लावू दिला नव्हता, त्यामुळे निघायला उशीर झाला. हॉलच्या दारात त्याला बघून खुर्च्या सरकल्या, "मास्तर, या, या" झालं. स्टोअरकीपरने त्याला मिठीच मारली आणि काठी खाली पडली, ती उचलायला चारजण वाकले. मॅडम मात्र सगळ्यांशी वागत तशाच त्याच्याशी वागल्या. एक कॉम्प्युटर दाखवला, पासवर्ड सांगितला आणि माउसला हात लावला नाही. वहिनी मुद्दाम दोन रांगा सोडून बसली.

शेवटच्या तासाला प्रत्येकाने एक ऑर्डर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून सगळ्यांना समजावून सांगायची होती. त्याची पाळी आली. तो उठला, पंपांची ऑर्डर टाकली, नियोजनाचं बटण दाबलं. स्क्रीनवर लाल ओळ आली. एक भाग कमी पडत होता.

"हे लाल का आलं, मास्तर?" मॅडमनी विचारलं.

त्याने तोंड उघडलं. शब्द आला नाही. शब्द कुठला ते सगळ्यांना दिसत होतं, समोर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लिहिलेलाच होता. पहिल्या रांगेतला कुणीतरी ओठांनी तो दाखवू लागला. मॅडमनी बोट वर करून त्याला थांबवलं, आणि स्वतः टेबलाला टेकून उभ्या राहिल्या, संध्याकाळपर्यंत थांबायची तयारी असल्यासारख्या. वहिनीने खाली मान घातली. बघू नकोस म्हणाला होता, तेव्हा ती बघत नव्हती. फक्त ओठ दातांत धरले होते.

"बे..." तो म्हणाला. "बे... बेरीज. बेरीज कमी आहे."

चुकलं हे त्याला कळलं. चेहरा उतरायला लागला. तेवढ्यात स्टोअरकीपर गंभीरपणे म्हणाला, "बरोबर आहे मास्तर. आमच्या स्टोअरला बेरीज कमीच असते. वजाबाकी वाट्टेल तेवढी."

हॉल हसला. आणि वहिनीने मान वर केली तर तोही हसत होता, खांदे हलवून, पूर्वीसारखा. हसता हसताच, कुणी न मागता, शब्द आपोआप बाहेर पडला. "बेअरिंग," तो म्हणाला. "बेअरिंग... मागवायची."

"कधी मागवायची?" मॅडम म्हणाल्या.

तो छताकडे बघून ओठ हलवू लागला. मग त्याने तारीख सांगितली. मॅडमनी पडद्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

सगळं पूर्वीसारखं झालं असं नाही. सिस्टीम सुरू झाली तेव्हा साहेबांनी नियोजनाला दुसऱ्या कारखान्यातून एक माणूस आणला. फोन, बैठका, गिऱ्हाइकांशी बोलणं त्याच्याकडे गेलं. तारीखमास्तर सकाळचा अर्धा दिवस यायचा, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून नियोजन चालवायचा आणि लाल ओळी बघायचा. पहिले काही दिवस तो कारखान्यात वहिनीशी कामापुरतंही बोलला नाही. जे सांगायचं ते सिस्टीमवर टाकायचा, तीही सिस्टीमवर उत्तर द्यायची. दोघं सोबत यायची, आणि दुपारी तो एकटा घरी जायचा.

मग एके दिवशी काठीचा आवाज तिच्या टेबलापाशी येऊन थांबला.

"सील," तो म्हणाला. "कधी?"

"पुढच्या आठवड्याअखेर. त्यांच्याकडेच माल नाहीये."

"नाही."

"नाही म्हणजे काय?"

"सोमवारी... हवेत."

"सोमवारी कुठून आणू? घरी बसून शिवू का?"

त्याच्या कपाळावर आठी चढली. "आधी... का नाही... सांगितलंस?"

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण त्याचं वाक्य अजून संपलेलं दिसत नव्हतं. ती थांबली.

"तारीख... तू... परवा... बदललीस. गुपचूप."

"गुपचूप? सिस्टीमवर सगळ्यांसमोर बदलली. बघायची कुणी होती?"

"मी... बघितली. म्हणून तर... आलो."

आवाज चढले. टायपिंग थांबलं. स्टोअरकीपर दारातून डोकावला आणि आत वळून कुणाला तरी म्हणाला, "परत सुरू झाले बघ दोघं." लग्नाच्या आधीपासून त्यांचं तारखांवरून वाजायचं, त्या भांडणातूनच तर लग्न जमलं होतं, आणि आजारपणात सगळे हे विसरून गेले होते. वहिनी स्वतःसुद्धा. आता भांडण फार सावकाश चाललं होतं. तिने एक म्हणायचं, मग थांबायचं, त्याचं पुरतं येईपर्यंत राग धरून ठेवायचा, मग पुढचं. तिला त्यात दम लागत होता, आणि आतून इतकं बरं वाटत होतं की तिने टेबलाची कड धरली.

"अर्धे," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्या हातापाया पडून अर्धे आणते सोमवारी. उरलेले नंतर."

त्याने छताकडे बघितलं. "अर्धे... चालतील." मग वळता वळता, "तरी... उशीरच."

तो आपल्या टेबलाकडे गेला. तिने फोन उचलला. सीलचा पुरवठादार तिचा आवाज ऐकून काळजीत पडला. "वहिनी, आवाज असा का येतोय? बरं नाही का?"

"अगदी बरी आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "आत्ताच नवऱ्याशी भांडले. ते सोमवारचं बोलूया, अर्धे तरी पाठवा बघू."